आधी हात कुणी जोडायचे

कलबुर्गी,
१२ जून २०२५

ती. अप्पांस,
ज्योत्स्नाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, तब्येत बरी आहे. फोनवर मी भांडायला लागले की तुम्ही जेवलीस का विचारता आणि माझा राग पातळ होतो. या वेळी मला तो पातळ करायचा नाही, म्हणून लिहिते आहे.

कॉलेजचा निकाल लागला. तुरीच्या मर रोगावरचा प्रकल्प मी सौम्याचा चोरला, असं चौकशी समितीनं ठरवलं. प्रकल्पाला शून्य गुण, वर्षभर परीक्षेला बंदी आणि दाखल्यावर शेरा. म्हणजे पदवी अडकली आणि एम.एस्सी.चा प्रवेशही गेल्यातच जमा. जनवाड्याच्या शिवारात उन्हातान्हात वाळलेली झाडं मोजली मी. सौम्या माझ्याच खोलीतली, एका ताटात जेवणारी, म्हणून मांडणी बघायला तिला फाईल दिली. आईच्या ऑपरेशनसाठी मी गावी आले, तेवढ्यात तिनं माझेच तक्ते स्वतःच्या नावावर जमा केले. ज्याचं आधी आलं ते खरं, असा समितीचा न्याय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही ते पुढं आहे. मोफत कायदा सल्ला देणाऱ्या विजयश्री वकील मॅडमनी चौकशीचे कागद मिळवले. त्यातली एक कानडी ओळ त्यांनी मला दोनदा वाचून दाखवली. पालकांनी स्वतः येऊन मुलीची चूक मान्य केली व क्षमा मागितली, असं लिहिलंय. अप्पा, तुम्ही आलात कधी? शिपायानं मला सगळं सांगितलं. मला न कळवता बिदरहून बस धरलीत, ऑफिसबाहेर चपला काढल्यात, प्राचार्यांपुढं हात जोडून तप्पायितु म्हणालात, चूक झाली, लेकराला पोटात घाला म्हणालात! भीमजयंतीच्या मिरवणुकीत छाती काढून सगळ्यांच्या पुढं चालतो तो माणूस हाच का, असं मला वाटलं.

मॅडम म्हणतात अपील करू, पण ही ओळ गळ्यातला धोंडा आहे. तुम्ही अपील समितीपुढं येऊन सांगायचं की ते कबूल करणं नव्हतं. याल ना? की पुन्हा माझ्या नकळत कुणाचे पाय धरून जाल?

आईच्या टाक्यांची काळजी वाटते. तिला जड उचलू देऊ नका.

रागावलेली पण तुमचीच,
ज्योत्स्ना


जनवाडा,
१६ जून २०२५

चि. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं आणि डोकं फिरलं. बापाला असं लिहितात का? तुझी आई म्हणाली की लेकरू कामून चिडलंय ते तर बघा. मी म्हणालो, लेकरू वकिलाच्या नादी लागून बापालाच शहाणपण शिकवायलंय.

मी काही कबूल केलेलं नाही. समोरचा तापलेला असला की आधी आपण हात जोडायचे. मग तो खाली बसतो, मग खरंखोटं काय ते बाहेर पडतं. ही आपल्याकडची रीत आहे. गुंडेराव पाटलांची म्हैस आपल्या हरभऱ्यात शिरली तेव्हा चूक कुणाची होती? तरी आधी मीच गेलो आणि चुकलं म्हणालो. मग चार माणसं बसली आणि भरपाई गुंडेरावांनी दिली. तुझ्या प्राचार्यांनीही मला बसवलं, चहा पाजला, बघतो म्हणाले. मी चहा पितोय आणि इकडं माझं बोलणं कागदावर चढतंय, हे मला काय ठाऊक? शिकलेल्या माणसानं असा डाव करावा, याचा मला तुझ्यापेक्षा जास्त संताप आहे.

पण मी पुन्हा येणार नाही. बोललेला शब्द फिरवला तर लोक म्हणतील, नरसिंग गवंड्याला दोन जिभा आहेत. मोठ्या लोकांशी वैर घेऊन आपलं भलं कधी झालंय? तू गावी ये. वर्षाचं काय, ते जातंच.

मुगाची पेरणी उरकली. आईला जड उचलू नको म्हटलं तर ती दिवसभर मलाच उचला-ठेवा करायला लावते.

तुझा,
अप्पा


कलबुर्गी,
२० जून २०२५

ती. अप्पांस,
जयभीम.

तुमचं पत्र मी विजयश्री मॅडमना वाचून दाखवलं. येऊ द्या राग. म्हशीच्या गोष्टीला त्या हसल्या आणि मग तेवढंच पुन्हा वाचायला लावलं.

मला एकच विचारायचंय. म्हैस गुंडेरावांची, हरभरा आपला, आणि हात तुम्ही जोडले. गुंडेरावांनी आजवर कधी तुमच्यापुढं आधी हात जोडलेत का? रीत असली तर ती दोघांना असते, अप्पा. एकालाच असते तिला दुसरं नाव आहे, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

वर्ष जातंच, हे वाचून पत्र फाडणार होते. वर्ष जातं, शेरा जात नाही. जिथं जाईन तिथं माझ्याकडे चोर म्हणून बघतील. सौम्या तर खोली बदलून गेली. जिन्यात समोर आली की मोबाईलमध्ये तोंड घालते.

सुनावणी ३० जूनला सकाळी आहे. मॅडमना शेजारी बसता येईल, बोलायचं मात्र आपल्यालाच. तुम्ही आला नाहीत तर मी एकटी बोलेन, आणि माझ्या साध्या बापाला तुम्ही चहा पाजून फसवलंत, असं तोंडावर सांगेन.

लोभ आहे, पण सध्या रुसून बसलाय.

ज्योत्स्ना


कलबुर्गी,
३ जुलै २०२५

ती. अप्पांस,
सविनय जयभीम. वि. वि.

उत्तर न देता तुम्ही थेट सुनावणीलाच आलात. चपला घालून आत आलात, खुर्ची ओढून बसलात. अपील समितीचे अध्यक्ष मडिवाळप्पा सर यांनी त्या ओळीबद्दल विचारलं, तेव्हा तुम्ही त्यांना कानडीत सांगितलंत की माझ्या मुलीनं काहीही चोरलेलं नाही, मी हात जोडले ते प्राचार्यांनी नीट ऐकून घ्यावं म्हणून, आणि त्यांनी ऐकलं काहीच नाही, नुसतं लिहून घेतलं. आवाज इतका चढला की शिपाई दारात येऊन उभा राहिला.

आता पुढचं. काल मडिवाळप्पा सरांनी मला एकटीला बोलावलं. म्हणाले, आम्हाला बंदी उठवायची आहे, पण कॉलेजचंही नाव राहिलं पाहिजे. मी फक्त दोन ओळी लिहून द्यायच्या, की नकळत चूक झाली, क्षमा असावी. मग शेरा निघेल, पास होण्यापुरते गुण मिळतील आणि एम.एस्सी.चा अर्ज मुदतीत जाईल. नाही दिलं तर शिक्षा कायम. पुढच्या शुक्रवारी उत्तर द्यायचंय. मॅडम म्हणतात, हायकोर्टात आपली बाजू भक्कम आहे, पण हे वर्ष हातचं जाईल. ठरवायचं तुझं तू. सर अगदी मायेनं बोलले, त्याचीच जास्त चीड आली.

पण अप्पा, मी थकले. मेसमध्ये मी बसले की शेजारच्या मुली ताट उचलून जातात. सही करून मोकळं व्हावं म्हणते. दोनच तर ओळी आहेत. तुम्ही समजून घ्याल.

आईला सांगा, मी जेवते आहे.

तुमची,
ज्योत्स्ना


जनवाडा,
७ जुलै २०२५

चि. ज्योत्स्नास,
आशीर्वाद.

मी समजून घेणार नाही. हे आधीच सांगून टाकतो.

गुंडेरावांनी माझ्यापुढं कधीच आधी हात जोडले नाहीत, हे पत्रात लिहवेना, म्हणून थेट बसच धरली. बसमध्ये हुमनाबादपर्यंत तुला शिव्या घातल्या आणि तिथून पुढं स्वतःला. उभ्या जन्मात मी पहिल्यांदाच साहेब लोकांपुढं आवाज चढवला. तुझ्या सांगण्यावरून मी ते केलं, आणि आता तूच लिहून देणार की चूक झाली? मग मी तिथं काय बरळलो? हात जोडले तेव्हा मी अडाणी होतो, खोटा नव्हतो. तू सही केलीस की मी खोटा ठरतो आणि त्यांची ती ओळ खरी होते. त्यांना तेच पाहिजे आहे, एवढं तुला कळेना?

मायेनं बोलले म्हणतेस. मलाही चहा पाजला होता.

वर्ष जातंच असं मीच लिहिलं होतं, ते तुला लागलं, बरोबरच लागलं. आता तेच वर्ष जाऊ दे म्हणतोय, तर हस मला. पण माफी लिहून देऊन पदवी आणू नकोस. कोर्टात जायचं असेल तर जितक्यांदा बोलावतील तितक्यांदा मी येतो. कामावरचे मुकादम बोंबलले तर बोंबलू देत.

सही केलीसच, तर मला कळवू नको. आई म्हणते की बापलेक दोघंही सारखेच डोकेफिरू हायेत. माझ्यापुरतं मला मान्य आहे.

तुझा,
अप्पा


कलबुर्गी,
११ जुलै २०२५

ती. अप्पांस,
ज्योत्स्नाचा सविनय जयभीम. वि. वि.

सही केली नाही. मडिवाळप्पा सर म्हणाले की पोरी, पस्तावशील. मी म्हणाले की पस्तावेनही कदाचित, पण ते तुम्हाला माझ्या अक्षरात मिळायचं नाही.

दुपारी लेखी निर्णय हातात दिला. अपील फेटाळलं. कारण पुन्हा तेच, पालकांनी चूक मान्य केली होती. तुम्ही घसा फोडून जे सांगितलंत, शिपायानं दारातून ऐकलं, त्यातलं एक अक्षर त्यात नाही. पालक हजर होते, एवढंच लिहिलंय. अप्पा, मी कॉलेजच्या फाटकात उभी राहून ते वाचलं आणि रागानं मला अक्षरं दिसेनाशी झाली. तुम्ही चूक झाली म्हणालात तर लगेच लिहून घेतलं. चूक झाली नाही म्हणालात, तर यांची शाई वाळली!

एम.एस्सी. या वर्षी गेली. विजयश्री मॅडम हायकोर्टासाठी याचिका तयार करायला बसल्यात. त्या म्हणाल्या की आधी तुझ्या वडिलांचं प्रतिज्ञापत्र लागेल. मी तुमचं नाव सांगितलं, वय सांगितलं, धंदा गवंडी म्हणून सांगितलं. २१ तारखेला, सोमवारी, तुम्ही इथं या. लोभ ठेवा आणि रागही राहू द्या, दोन्ही लागणार आहेत. त्या दिवशी समितीपुढं वडील नेमकं काय बोलले ते थोडक्यात सांग, असं मॅडम म्हणत होत्या. मी त्यांना सांगितलं की थोडक्यात नाही. ते स्वतः येतील, स्वतः सांगतील, आणि तुम्ही ते सगळं लिहून घ्यायचं.

तुमची,
ज्योत्स्ना