अळकुड्या निघेपर्यंत

३ मार्च
येमोला पुरलं. त्याच्या बायकोला, क्वातियाला, कपाळापासून पोटरीपर्यंत पिवळी माती फासली, गळ्यात राखाडी बियांच्या माळा घातल्या. पुरल्या जागेशेजारी अळू लावला. त्याच्या अळकुड्या खणून डुक्कर मारलं जाईपर्यंत विधवेनं बोलायचं नाही.
आमची बोली बोलणारे तिघं होतो. येमो गेला. त्याची बायको गप्प. उरले मी.

९ मार्च
नदी ओलांडून तिच्याकडे गेले. आमच्या बोलीत बोलत बसले — एकटीच. तिनं राखेतलं रताळं माझ्याकडे सरकवलं. तिची नातवंडं पिसिनमध्ये, त्या बाजारच्या भाषेत, भांडत होती.

२१ मार्च
आज मुद्दाम डिवचलं. "तुझा येमो काय घोरायचा! डुकरांना आता करमत नसेल." तिचे खांदे हलले. रताळ्याचं साल फेकून मारलं. ओठ मिटलेलेच.

१४ एप्रिल
तिचा मुलगा गिडियन म्हणाला, "मावशी, तू म्हणशील तर उद्याच डुक्कर मारतो. हल्ली एवढं कोण पाळतं?"
मोह झाला. क्वातियानं काठीनं माझ्या नडगीवर टोला दिला. चांगलाच लागला.

२ मे
पुरानं वेलींचा पूल नेला.

३० मे
कोंबड्यांशी बोलते. आमच्या बोलीतला घशात अडवून सोडायचा तो आवाज — गिडियनला कधी जमलाच नाही — रोज काढून बघते. कोंबड्या पळतात.
ही वही पिसिनमध्येच लिहिते. मिशनच्या शाळेत तेवढंच लिहायला शिकले. त्या आवाजाला त्यांच्याकडे अक्षर नव्हतं.

१७ जुलै
दुकानात मीठ मागितलं. दिवसभरात तेवढंच बोलणं.

२६ ऑगस्ट
आज कोंबड्यांशीही नाही.

५ नोव्हेंबर
पूल झाला! गिडियनचा निरोप — शनिवारी अळू खणणार.
ती आधी मला शिवी देईल. येमोच्या घोरण्याबद्दल. द्यावी. चांगली लांबलचक, घशातून.

८ नोव्हेंबर
डुक्कर मारलं. क्वातियानं अंग धुतलं, माळा तोडल्या. सगळे बघत होते. घसा खाकरून ती मला म्हणाली, "वाळलीस गं. बस, मांस खा."
मी म्हटलं, "खाते. तूही बस."
खूप बोललो. हसलो. परतताना पुलाच्या मध्यावर पाय थांबले. आम्ही दोघी पिसिनमध्ये बोललो होतो.