दिसतं का? नाय रे बाबा

सोमवार, १२ जानेवारी

नऊ! अख्ख्या महाड-पोलादपुरात डोळ्यांनी नीट न दिसणारी नऊच माणसं! राजेश सर, आमच्या नेत्र रुग्णालयाचे व्यवस्थापक, यादी हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. पंचवीस तारखेच्या मोतीबिंदू शिबिराला पुण्याहून सर्जन येणार, पण रुग्ण निदान चाळीस हवेत. शुक्रवारपर्यंत आकडा दिला नाही तर शिबिर रद्द. पुढचं थेट पावसाळ्यानंतर.

यादी निघते माझ्या डेटाबेसमधून. म्हणजे बोलणी कोणाला? मलाच.

मंगळवार, १३ जानेवारी

दिवसभर तेच. सर्व्हर ठणठणीत. एकूण नोंदी दोनशे बारा. ‘दिसतं का?’ या रकान्यात ‘हो’ अठ्ठावीस, ‘नाही’ नऊ. बाकीचे काय रायगड चढायला गेले?

दत्तारामभाऊंवर चिडले. ते वाडीवाडीवर मोटारसायकल घालून टॅबवर फॉर्म भरून आणतात. म्हटलं, कोरेच फॉर्म पाठवलेत का? त्यांनी डबा उचलला आणि बाहेर जाऊन जेवले. वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही. मी अशीच आहे.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. दत्तारामभाऊंनी तिळाचा लाडू माझ्या टेबलावर ठेवला आणि आपल्या कामाला लागले. गोड बोलायची जबाबदारी माझ्यावर!

लाडू तोंडात टाकला आणि त्या रकान्यात लोकांनी भरलंय तरी काय, तेवढंच मागवलं — प्रत्येक उत्तर एकदाच. हे सोमवारीच करायला हवं होतं. मूर्ख मी!

हो. नाही. व्हय. नाय. नाय रे. नाय रे बाबा. उजव्यानं व्हय. शिवथरच्या कुशाबा म्हणून एका आजोबांचं तर — ‘तुझा आवाज वळकतो.’

खुर्चीतच हसत सुटले. हो-नाही मी काउंटरवर बसून भरलेले, व्हय-नाय दत्तारामभाऊंचे! मी ‘नाही’ शोधत बसले आणि सगळा मुलूख ‘नाय’ म्हणत होता.

त्यांना विचारलं, असं का लिहिलंत? शांतपणे म्हणाले, “माणूस बोलला तेच लिवलं. माझ्या पदरचं कशाला घालू?”

बरोबरच आहे की! रकाना मोकळा सोडला मी. दोन पर्याय देऊन ठेवले असते तर हा घोळच झाला नसता.

गुरुवार, १५ जानेवारी

आधी बॅकअप. दोनदा! मग सगळे ‘नाय’ एकाच खुणेखाली आणले. कुशाबांनासुद्धा. मूळ उत्तरं पुसवेनात, ती शेजारी नवा रकाना करून तशीच ठेवली.

क्वेरी चालवून यादी पुन्हा काढली. त्रेसष्ट! एवढ्या मोठ्यांदा ओरडले की राजेश सर धावत आले. त्यांना वाटलं, शॉक लागला. दत्तारामभाऊंना सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं. ते म्हणाले, लाडू लागू पडला म्हणायचा.

शुक्रवार, १६ जानेवारी

पुण्याचा होकार आला. शिबिर पक्कं! चहा माझ्याकडून.

शनिवार, १७ जानेवारी

त्रेसष्ट जणांना एकदम मेसेज सोडले. लगेच माझाच फोन वाजला. झालं, पुन्हा काहीतरी चुकलं! उघडून बघते तर — ‘श्रीमती उज्ज्वला रामा उतेकर, मु. नाते. २५ तारखेला सकाळी आठ वाजता शिबिरास यावे.’

माझी आई! फॉर्मवर नंबर माझा दिलाय. परवाच शेजारणीच्या फोनवरून म्हणाली होती, मला काय धाड भरलीय, सगळं दिसतं गो. मी तीन दिवस नुसते आकडे मोजत होते, नावं एकदाही वाचली नाहीत. लाज वाटली. रडू आलं.

तिची नोंद उघडली. दोन्ही डोळे — नाय. खाली शेऱ्यात दत्तारामभाऊंनी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलंय: ‘पोरीला सांगू नको रे. ती कामात असते.’