फोतिनीची मेणबत्ती आणि तेरा चुका

व्होलोस, ईस्टरनंतरचा रविवार

प्रिय कुंबारो मेनेलाओस यास,

ख्रिस्त उठला आहे. तुझा गुडघाही एव्हाना उठबस करू लागला असेल अशी आशा करतो. अस्पासियावहिनींना नमस्कार. मी मजेत आहे असं लिहिणं रिवाजाला धरून होईल, खरं होणार नाही. तुझ्या लेकीला, फोतिनीला, खेळणं बांधलेली ईस्टरची मेणबत्ती पाठवायची ती तिच्या धर्मपित्याने, म्हणजे मी; त्या नात्यानेच तर आपण एकमेकांचे कुंबारो. पाच वर्षांत पहिल्यांदाच ती पोचली नाही.

कारण सांगतो. (सबब नव्हे, कारण. दोन्हींत फरक आहे.) ईस्टरआधीच्या सोमवारीच मी लूलाबाईंच्या दुकानात गेलो होतो. पहिलीच बाहुली उचलली, तर खोक्यावर ती म्हणते: 'आई मला खाऊ देतेस?' आईनंतर स्वल्पविराम नाही, आणि शेवटी आपलं ग्रीक ठिपका-स्वल्पविरामाचं प्रश्नचिन्ह (;) सोडून परदेशी आकडा (?). ठेवली. बंबाच्या गाडीवर ओळीने तीन उद्गारचिन्हं, जणू एका आगीला तीन बंब. मुलांच्या टूथब्रशवर वाक्याच्या मधोमध पूर्णविराम. (शाळा मी बाराव्या वर्षी सोडली, पण व्याकरणाचं पुस्तक कुलुपं दुरुस्त करता करता तीनदा वाचलंय. शाळेत गेलेल्यांनी एकदा तरी वाचावं.) तीन दिवस रोज जाऊन मी अख्खं दुकान वाचून काढलं.

"थ्रासोस, पोरगी पाच वर्षांची," लूलाबाई म्हणाल्या. "तिला वाचता तरी येतं का?"

"म्हणूनच तर. वाचायला लागेल तेव्हा हेच आधी दिसेल."

"मग चेंडू घे बाबा. चेंडूवर काही लिहिलेलं नसतं."

होतं. मी दाखवलं.

शेवटी बुधवारी तीच बाहुली घेतली आणि घरी, डोळ्याला भिंग लावून, बारीक कुंचल्याने खोकं दुरुस्त करायला बसलो. चुका तेरा. एक वाळल्याशिवाय दुसरीला हात लावता येत नाही, हे घाई करणाऱ्यांना कळत नाही. शुक्रवारी खोकं घेऊन कुरियरकडे गेलो तर दाराला कुलूप. तो ख्रिस्ताच्या तिरडीच्या मिरवणुकीत खांदा द्यायला गेलेला. शनिवारच्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती.

फोतिनीने चर्चमध्ये शेजारच्या मुलीची मेणबत्ती अर्धी धरली, असं वहिनींकडून कळलं. अर्धी म्हणजे कशी, ते मी विचारलं नाही. पण तेव्हापासून दोन मुठी, एकीवर एक, डोळ्यांसमोरून हलत नाहीत. खालची कुणाची, एवढंच ठरत नाही. खोक्यावरचे स्वल्पविराम मात्र देखणे उतरलेत. पोरीने ते खोकं अर्ध्या मिनिटात फाडून फेकलं असतं, हे मला आत्ता, आठवडा उलटल्यावर कळतंय.

तुझा,
थ्रासोस

ता. क. खेळण्याच्या कंपनीलाही मी पाच पानी पत्र लिहिलं होतं. ते ईस्टरआधीच्या मंगळवारीच टाकलं. वेळेत पोचलं.

ता. क. २. 'ख्रिस्त उठला' असं आपण चाळीस दिवस म्हणतो, म्हणजे मेणबत्तीही तोवर चालायला हरकत नसावी. पुढच्या रविवारी घेऊन येऊ का? खोकं आणत नाही.

ता. क. ३. ईस्टरनंतरच्या सोमवारी फोन केला तेव्हा वहिनी म्हणाल्या, फोतिनी झोपली आहे. सकाळचे अकरा वाजले होते, आणि मागे ती मोठ्याने गात होती. माझ्यासाठी ती कधी जागी असते, तेवढं विचारून कळव.