एक एकर काळे मणी

मेहकर,
बुधवार, ९ फेब्रुवारी २०२२

प्रिय मधुवंतीस,

नमस्कार. हे पत्र मला लिहावं लागतंय ते तू परवा आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकलेल्या एका ओळीमुळे : 'शारदाचं काचकाम प्रदर्शन बिचारं चौथ्यांदाही रद्द.' पुढे रडक्या चेहऱ्यांची रांग. (मी मोजले, सात होते.) प्रदर्शन रद्द झालेलं नाही. तीन वेळा झालं होतं, ते मान्य. चौथ्यांदा ते पार पडलं, सोमवारी, रथसप्तमीला, डोणगावजवळच्या एका वावरात, आणि तुला ते कळलं नाही कारण तिथे रेंज नव्हती. फोन करूनही खुलासा करता आला असता. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

आधी रीतीचं विचारून घेते. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की करते म्हणून सांगतेस? भावजींची शुगर आटोक्यात असावी. तिसरी लस दोघांनी घेतली नसेल तर हे पत्र इथेच ठेव, आधी ती घेऊन ये आणि मग पुढे वाच. आमच्याकडे सगळं ठीक. हे रोज गच्चीवर आठ फेऱ्या मारतात आणि दहा सांगतात. तुझ्या सुनेला, प्राचीला, आशीर्वाद. तिचं दागिन्यांचं दुकान पुन्हा सुरू झालं हे ऐकून बरं वाटलं. मला तुम्हा कोणाकडून काहीही नको आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते, म्हणजे तू मोकळ्या मनाने वाचशील.

तर प्रदर्शन. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ते सुरू केलं, हे तुला माहीत आहे. काचेवर चित्रं काढणारे, बांगड्यांचे व्यापारी, आरसे मढवणारे, बाटल्यांचे दिवे करणारे, असे तीस गाळे दर वर्षी मेहकरच्या हॉलमध्ये लागायचे आणि अकोला-वाशीमचे दुकानदार येऊन मागण्या नोंदवायचे. माल फुटायचा तो मात्र येताना. आपल्याकडचे रस्ते तू विसरली असशील. काच विसरत नाही. गवत घालून पाहिलं, कागद घालून पाहिलं, शेवटी मी उपाय काढला की पेटीत काच ठेवायची आणि वरून सोयाबीन ओतायचं. दाणा प्रत्येक फटीत शिरतो आणि धक्का खातो. डोणगावचे माणिकराव सोयाबीन द्यायचे, पेट्याही त्यांच्याच घरी राहायच्या, कारण त्यांच्या पत्नी सुभद्राबाई काचेवर देवादिकांची चित्रं काढतात आणि आमच्या समितीत आहेत. प्रदर्शन संपलं की माणिकराव आपलं सोयाबीन परत घेऊन जात. या पद्धतीने पाच वर्षांत एक पेला फुटला, तोही यांच्या हातून, चहा पिताना.

२०२० च्या मार्चमध्ये अकरा पेट्या भरून तयार होत्या आणि दोन दिवस आधी सगळं बंद झालं. पेट्या माणिकरावांकडेच राहिल्या. त्यातल्या एका पेटीत बनाबाईंचे मणी होते. बनाबाई म्हणजे दिव्याच्या ज्योतीवर काचेची कांडी वितळवून सळईवर मणी वळवणाऱ्या. आमच्या भागात हे काम हाताने करणाऱ्या त्या आता एकट्याच. मंगळसूत्रात मधे घालायचे, सोयाबीनच्या दाण्याएवढे काळे मणी. बाराशे चाळीस. वर्षभराचं काम होतं ते, आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांपुढे पहिल्यांदाच मांडायचं होतं. मणी शंभर-शंभरच्या कागदी पुड्यांत भरून पेटीत वरच्या थराला ठेवले होते.

आता जून महिना घे. बाजारातलं बियाणं उगवत नाही अशी ओरड गावोगाव होती, म्हणून माणिकरावांनी घरचंच बी पेरायचं ठरवलं, आणि घरचं बी आमच्या पेट्यांत होतं. सोयाबीन त्यांचंच, त्यामुळे मला विचारायचा प्रश्न नव्हता. त्यांनी प्रत्येक वस्तू काढून साडीत गुंडाळली. (सुभद्राबाई तेव्हा जिल्हाबंदीमुळे माहेरी अडकल्या होत्या. त्या साड्यांत त्यांचा लग्नातला शालूही होता, पण तो विषय त्या दोघांनी नंतर आपसांत मिटवला.) काच एकही तडकली नाही, याचं श्रेय मी त्यांना देते. पण मण्यांच्या पेटीत त्याआधीच उंदीर शिरले होते. पुड्या पिठाच्या खळीने चिकटवलेल्या, उंदरांनी खळ खाल्ली, पुड्या उघडल्या आणि मणी सोयाबीनमध्ये मिसळले.

माणिकरावांना ते दिसले कसे नाहीत, हा तुझा प्रश्न मला इथे ऐकू येतोय. त्यांचा चष्मा एप्रिलमध्येच बैलाच्या पायाखाली गेला होता आणि चष्म्यांची दुकानं बंद होती. त्यांनी जुन्या रीतीप्रमाणे मूठभर बी हातात घेऊन एक दाणा दाताखाली धरला. तो फुटला नाही, दाढ मात्र हलली. बी किती कडक वाळलंय याचा हा पुरावा त्यांनी गावात चार जणांना सांगितला. पेटीवर काय आहे ते मी स्वतः ठळक अक्षरात लिहिलं होतं, वाचता येणाऱ्याने वाचायला हवं होतं, इतकंच मी म्हणेन. मग ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासली. ऐंशी उगवले, एकोणीस कुजले आणि एक चमकत राहिला. तो त्यांनी न उगवलेल्यांत धरला. आणि ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने त्या पेटीतलं तीस किलो सोयाबीन आणि बनाबाईंचं एक वर्ष एका एकरात सरळ ओळींत पेरून टाकलं.

उलगडा झाला तो निंदणाच्या वेळी. बारा बायका ओळीने गवत काढत होत्या. तिसऱ्या तासाला एकीला काळा मणी सापडला, मग दुसरीला. कोणाचं तरी मंगळसूत्र तुटलं म्हणून सगळ्यांनी आपापले गळे चाचपले. सगळ्यांचं जागच्या जागी. आणखी मणी निघाले तेव्हा बायका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसल्या. काळ्या मण्यांवर पाय द्यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. माणिकरावांनी विनवलं, रागावले, शेवटी मला बोलावलं. मी वावरात उभी राहून काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना हे समजावून सांगितलं. सगळ्यांनी आदराने ऐकलं. कोणी उठलं नाही. अखेर असं ठरलं की आधी वाकून मणी वेचायचे, मग त्या जागी पाय ठेवायचा. एका एकराच्या निंदणाला नऊ दिवस लागले. (माणिकराव सांगतात की इतकं स्वच्छ निंदण तालुक्यात त्या वर्षी दुसरं झालं नाही.) नंतर सोंगणीला, म्हणजे कापणीला, आणखी सापडले, नांगरटीला आणखी.

हे मणी बायकांनी पदराच्या गाठीला बांधून घरी नेले. मी परत मागितले तर म्हणाल्या, देतो ना, पण काळे मणी कोरड्या हाताने द्यायचे नसतात. हळदीकुंकू करा, तिथे देऊ. आता मधुवंती, तू मला ओळखतेस. मी तेहेतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, हळदीकुंकू कधी केलं नाही, गेले नाही. मी सांगून टाकलं की मणी पुढच्या प्रदर्शनात समितीसमोर परत घेतले जातील, रीतसर, सही घेऊन. ते प्रदर्शन २०२१ च्या फेब्रुवारीत ठेवलं. आठवडा राहिला असताना जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी. मग या जानेवारीत ठेवलं; निमंत्रणं वाटून झाली आणि तिसरी लाट आली, हॉलवाल्यांनी हात जोडले. प्रमुख पाहुणी म्हणून तुला घालायचा हार मी तिन्ही वेळा सांगितला आणि तिन्ही वेळा रद्द केला. फुलवाला आता मला पाहून दुकानाच्या आत जातो.

तिसऱ्यांदा रद्द झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बनाबाई आमच्याकडे आल्या. हातात फडक्यात गुंडाळलेला त्यांचा दिवा, ज्यावर मणी वळवतात तो. बसल्या नाहीत, चहाला नको म्हणाल्या. दिवा माझ्या टेबलावर ठेवला.

"दोन वर्सं झाले बाई. पाहणारंच कोणी नाही तं मणी कोणासाठी वळू? हा राहू द्या तुमच्यापाशी. प्रदर्शन भरलं कधी, तं मांडजा."

मी दिवा घेतला. संध्याकाळी मी सुभद्राबाईंना फोन केला आणि म्हटलं, करा तुमचं हळदीकुंकू, वावरात करा, पण काचेचे गाळे मी बाजूला लावणार.

उघड्यावर पन्नास माणसांना परवानगी होती. पन्नास म्हणजे पन्नास. मी बांधावर खुर्ची टाकून बसले, घरचे पन्नास मणी दोऱ्यात ओवून. आत जाणाऱ्याने एक मणी न्यायचा, बाहेर येताना परत द्यायचा, दोरा रिकामा असेल तर थांबायचं. तीसपैकी नऊ गाळेवाले आले. कोणी बाजेवर माल मांडला, कोणी बैलगाडीत. आरशांचा गाळा कुटाराच्या, म्हणजे सोयाबीनच्या भुशाच्या, ढिगाला टेकवला होता, आणि माणिकरावांचा गोऱ्हा आरशात पाहून पाठ वळवेना, म्हणून त्याला मालकासकट जागा द्यावी लागली. दुपारी ग्रामपंचायतीचा माणूस आला. हे प्रदर्शन आहे की हळदीकुंकू, त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं, दोन्ही, आणि आत एकोणपन्नास माणसं आहेत, तुम्ही पन्नासावे, हा तुमचा मणी. तो आत गेला, बायकोसाठी बाटलीचा दिवा घेतला आणि मणी खिशात घालून निघून गेला. त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझी मर्यादा एकोणपन्नासची झाली. (मणी काल त्याच्या बायकोने आणून दिला. हळदीकुंकवासकट.)

बायकांनी गाठी सोडायला सुरुवात केली तेव्हा बनाबाई दिसेनात. त्या दूर, विहिरीपाशी उभ्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, आणि हळदीकुंकवाला अशी बाई पुढे येत नाही. बायकांनाही काय करावं ते कळेना. मणी ज्यांना द्यायचे त्याच यायच्या नाहीत. मी खुर्चीवरून उठले, बोलायला म्हणून. तेवढ्यात सुभद्राबाई हळदीची वाटी घेऊन विहिरीकडे निघाल्यासुद्धा.

"काऊन वं बनाबाई, इकडं काऊन उभी? मणी तुह्ये, वावर माह्यं. आमच्या सगळ्याइच्या गळ्यात तुह्याच हातचे मणी हायेत. चाल."

आणि तिथेच हळद लावली, कुंकू लावलं, हाताला धरून आणलं. मी चाळीस वर्षं या विषयावर भाषणं करत आले आहे, आणि ते काम सुभद्राबाईंनी विहिरीपासून बांधापर्यंतच्या अंतरात उरकलं. मी परत खुर्चीवर बसले. एकेक बाई येऊन बनाबाईंच्या पदरात मणी टाकत गेली, कोणी सत्तर, कोणी दोनशे, एका म्हातारीने तीन. एकूण अकराशे सत्त्याऐंशी. बनाबाईंनी एक मणी उन्हाकडे धरला आणि म्हणाल्या, "भोकात माती बसली. सुई आणा." मग माणिकराव नवा चष्मा लावून सुईने माती काढायला बसले. त्यांना ते करायलाच हवं होतं.

निघताना बनाबाईंनी मला विचारलं, एवढे मणी आले खरे, पण आता घेणार कोण? मी त्यांना योग्य ते उत्तर दिलं. त्या दिवा घेऊन घरी गेल्या. काल सकाळी मी मुद्दाम त्यांच्या गल्लीतून गेले. ज्योत चालू होती.

तर असं झालं प्रदर्शन. ग्रुपवर दुरुस्ती टाक. चेहरे नकोत.

तुझी,
शारदा

ता. क. - पत्र पुन्हा वाचलं. पेटीवर मी ठळक अक्षरात लिहिलं होतं असं वर म्हटलंय, ते खरं आहे. लिहिलं होतं ते 'सोयाबीन, तीस किलो'. प्रयोगशाळेत बाटलीत जे जास्त असतं त्याचं नाव वर लिहितात, त्या सवयीने. आणि पुड्या पिठाच्या खळीने चिकटवायच्या, विकतचा गोंद म्हणजे उधळपट्टी, हेही मीच म्हणाले होते. माणिकरावांनी दोन वर्षांत यातलं एकही मला बोलून दाखवलेलं नाही. तूही दाखवू नयेस.

ता. क. दुसरं - बनाबाईंना दिलेलं योग्य ते उत्तर असं : 'पुण्याची प्राची घेणार आहे, तिचा होकार आलाय.' तुला माहीत आहे की मी खोटं बोलत नाही, म्हणून हे आता खरं करणं भाग आहे. प्राचीला मणी उन्हात धरून पाहायला सांग. आवडले नाहीत तर तसं मला स्पष्ट लिही, मी बनाबाईंना स्वतः जाऊन सांगेन. पण ती नीट पाहील एवढं कर. हे पत्र आणि मणी घेऊन येणाऱ्या माझ्या पुतण्याला, हरिओमला, थांबवून घे आणि उत्तर त्याच्याच हाती दे.

ता. क. तिसरं - हार पुन्हा सांगितलाय. पुढची रथसप्तमी. गुडघ्याचे व्यायाम कर.

चि. हरिओमच्या हाती दिले, ९ फेब्रुवारी, मेहकर बसस्टँड :

बनाबाईंचे काळे मणी, एक हजार. दहा माळा, प्रत्येकीत शंभर. मी मोजले, सुभद्राबाईंनी मोजले.
तिळगुळाचा डबा, एक. (भावजींना नाही.)
माणिकरावांचं सोयाबीन, दोन किलो, मण्यांखाली भरण म्हणून. पेरू नये.
डब्यावरची चिठ्ठी : 'काळे मनी'. अक्षर बनाबाईंचं आहे. ते मी दुरुस्त केलेलं नाही.