लसणाची कापलेली बुडं

प्रिय फुई,

लढाईपायी घासलेट मिळत नाही, म्हणून भर दुपारी ओट्यावर दौत-टाक घेऊन बसले आहे. उद्या विहिरीजवळच्या वाफ्यांत लसूण लावायचा आहे. पण आज सकाळी नाना जे बोलले, त्यानंतर तुला लिहिल्याशिवाय मला लसणाच्या कुड्यांच्या सुपाला हात लावता येईना.

आपली गंगू, नानांची धाकटी लेक, गेल्या साली कपाळ पुसून माहेरी आली. तुझ्यासारखीच. काल तिने लसणाच्या जुड्या सोडायला घेतल्या, तर आज नानांनी सगळ्यांदेखत तिला थांबवलं. म्हणाले, "तुन्हा हात बियाले लागाले नको. फुईनं ध्यानमा शे ना?"

तुझा दाखला दिला गं त्यांनी. तुझ्या सख्ख्या भावाने! आणि मी शेजारीच ताक घुसळत होते, ती घुसळतच राहिले.

मी लग्न होऊन कोरीटला आले, तेव्हा नवऱ्याची आत्या म्हणून तुला अहो-जाहो करायची. तू मला चुलीपाशी बसवून म्हणालीस, "माले तुम्ही म्हनू नको व, जीव दूर जास." तेव्हापासून तू माझी तूच.

या घरात तुला ज्वारी-बाजरीच्या बियाण्याला शिवायची मुभा नव्हती. लसूण मात्र देवाच्या नैवेद्याला चालत नाही, म्हणून तेवढं बियाणं विधवेच्या हातचं चालायचं! तू तेवढ्यातच किती मिरवायचीस. मधल्या घरात तुझी खुंटी, खुंटीला तुझी जुडी, आणि सासूबाईंनासुद्धा फोडणीला एक कुडी हवी तर तुला विचारून घ्यायच्या.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षी तू वाफे करायला मळ्यात गेलीस आणि कुड्या फोडायचं काम माझ्यावर सोपवलंस. मी नवापूरच्या शाळामास्तरांची लेक. लसूण पाहिलेला तो बाजारातला नि पाट्यावरचा. चटणीला घेताना आई आधी विळीवर कुडीचं कडक बूड उडवायची. मला वाटलं, लावतानाही तसंच. सूपभर कुड्यांची बुडं मी एकसारखी कापली, बुडं उकिरड्यावर टाकली, आणि तू सांगितल्याप्रमाणे कुड्या शेणकाल्यात घोळून मळ्यात नेल्या. तुझ्या डोळ्यांत पडदा आलेला. शेणाखालचं तुला काय दिसणार?

कोंब आले, बोटभर झाले आणि पिवळे पडायला लागले. नाना म्हणाले पाणी जास्त झालं, म्हणून मोट थांबवली. मग वाळवीचा संशय आला, म्हणून राख टाकली. शेवटी त्यांनी एक रोप उपटलं. खाली एकही मूळ नव्हतं, पांढरा तंतूसुद्धा नाही. मी वाकून पाहिलं, कुडी खालून सपाट, सुकलेली. तिथेच मला कळलं, फुई. मूळ जिथून फुटायचं, तेच मी विळीवर कापून टाकलं होतं.

त्याच श्रावणात आपली दुभती म्हैस मेली होती. नवी सून घरात आली नि गोठा रिकामा झाला, असं शेजारपाजारच्या बायका कुजबुजत होत्या. आता लसूणही गेला म्हटल्यावर माझ्या पायगुणाचं काय झालं असतं? मी गप्प बसले. भीती वाटली हे खरं, पण म्हणून माझा अपराध कमी होत नाही.

तू मात्र एक कुडी पाटाच्या पाण्यात धुतलीस, बोटाने चाचपलीस आणि पदराला बांधलीस. मग नानांना म्हणालीस, "मन्हा हातच आते वाईट व्हयना, भाऊ." मला वाटलं, आपला हातच वाईट झाला असं तू खरंच समजतेस. मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

पुढल्या साली सासूबाईंनी लसूण लावला. तो तरारून आला आणि तुझ्यावरचा आळ पक्का झाला. तू मळ्यात जाणं सोडलंस. मागच्या पडवीत बसून दाणे निवडायचीस आणि मी मळ्यातून आले की विचारायचीस, "उगना का व?" मी 'उगवला' म्हणून आत निघून जायची. तू अंथरुणाला खिळलीस, तेव्हा एकदा सांगायचं ठरवून तुझ्यापाशी बसलेही. आणि काय विचारलं? पेज घेतेस का! आणि मग तू गेलीसच.

आज नानांचं ते बोलणं खत न्यायला आलेल्या आपल्या मजूरणीने, जमनीनेही ऐकलं. पूर्वी तुझ्याबरोबर वाफ्यात असायची ती. विहिरीवर मला गाठून म्हणाली, "फुईले समदं ठाव व्हतं. तू कापेल बुडं तिनीच राखखाल दाबी दिनात." नानांच्या नजरेला पडू नयेत म्हणून तू चुलीतली राख पाटीभरून उकिरड्यावर नेलीस म्हणे.

ठाऊक असून तू तो आळ अंगावर घेतलास! मला एका शब्दाने तरी बोलायचंस, फुई. दोन शिव्या द्यायच्यास. मी रडले असते, पण मोकळी झाले असते. तुझ्या मायेचा मला आज रागही येतो, आणि माझी लाज तर विचारूच नकोस.

उद्या सकाळी माणसं मळ्यात निघायच्या आधी मी सूप नानांपुढे ठेवीन. एका कुडीचं बूड त्यांना बोटाने दाखवीन आणि म्हणेन, "फुईना हात वाईट नव्हता, नाना. बुडं मी कापेल व्हतात." मग काय व्हायचं ते होऊ दे. पहिली कुडी गंगूच लावेल, बूड खाली करून, आणि तिच्याकडून ते सूप मी कुणाला काढून घेऊ देणार नाही.

तुझ्या खुंटीला तो आळ आल्यापासून कुणी जुडी टांगलेली नाही. यंदाची पहिली तिथे लागेल. कुणी विचारलं, तर ती तुझी आहे असं मी सांगेन, आणि का, तेही सांगेन.

तुझी अपराधी,
सरस्वती