मांडवाच्या दोन केळी

अप्पा, आपल्या मागच्या केळीची माती तपासून आली. घर पाडून इथे फ्लॅट झाले, विहीर बुजली, तरी भिंतीकडेला एक बेट उरलंय, तुम्ही लावलेल्या कंदाचीच पिलावळ. पण दोन वर्षं झाली, पानांच्या कडा करपतात आणि घड येतो तो मूठभर. आता हे बेट तगतं की जातं, याचाच घोर लागलाय मला. सून जळगावकडची, केळीच्या मळ्यात वाढलेली, इथेच चेन्नईत शोळिंगनल्लूरला नोकरी करते. ती म्हणाली, "आई, आमचे बाबा माती तपासल्याशिवाय चिमूटभर खत टाकत नाहीत." कागद आला तोही तिनेच वाचून दाखवला. नत्र ठीक, पालाश फार कमी. मी विचारलं, पालाश म्हणजे काय गं? "पोटॅश, आई. राखेत असतं ना, तेच."

तुम्ही हे राखेचं कुठे शिकला होता, कधी विचारलंच नाही. रोज सकाळी चुलीतली गार राख टोपलीत घेऊन तुम्ही मागे जायचात, बुडापासून वीतभर लांब गोल पसरायचात. पेरुंगुडीची ही रेताड जमीन. "हिच्या पोटात काही ठरत नाही, कण्णू. एकदम वाढायचं नाही, थोडं थोडं वाढत राहायचं," लाडाच्या हाकेने मला समजवत, जेवायला बसलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचात. घड उतरला की खोड कोयत्याने चिरून त्याच जागी, बुडातून फुटलेल्या पिलाच्या पायाशी. आईचं सगळं लेकीला, म्हणायचात. एक खोड कुंपणाबाहेर गेलं तर तुम्ही दिवसभर चुकचुकायचात.

माझं लग्न ठरलं तेव्हा मांडवाच्या दाराशी बांधायच्या दोन केळी, घडासकट, घरच्याच हव्यात असा तुमचा हट्ट. विहिरीजवळची जोडी तुम्ही निवडलीत आणि आमंत्रणं करायला महिनाभर तंजावरकडे गेलात. इकडे मला मागच्या अंगणाची लाज वाटायला लागली. पाहुणे काय म्हणतील, म्हणून कुजत पडलेली सगळी खोडं, पाचोळा, मी गवळ्याला उचलून न्यायला सांगितलं. आणि घड मोठा व्हावा म्हणून त्या जोडीला युरिया घातला, ओंजळी भरभरून. तुम्ही आलात तर पानं दार झाकतील एवढी झालेली. तुम्ही खोडाला अंगठा लावून दाबलंत, तो रुतला. "पानं झकास आलीत. पंगतीची सोय झाली. घड काय, नातीच्या लग्नाला?" आई हसली, मीही हसले. पुढे घड आले, उशिरा आणि बारके. लग्नाला आठ दिवस राहिले असताना समुद्रावरून वारा सुटला आणि दोन्ही केळी मधोमध मोडल्या.

तुम्ही जॉर्ज टाउनला जाऊन बाजारातल्या दोन आणल्यात. व्याह्यांनी विचारलं, "घरच्या का हो?" तुम्ही म्हणालात, "नाही, यंदा माझ्या हातून पाणी जास्त झालं." युरियाचं रिकामं पोतं तुमच्या खाटेखाली घडी घालून ठेवलेलं मी त्याच दिवशी सकाळी पाहिलं होतं.

आता घरात राख कुठली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला अजून कोळशाची पेटी चालवतो, त्याच्याकडे मी डबा देऊन ठेवलाय. "पाट्टी, राख घेऊन करता काय? भांडी तर मशीन घासतं," असं घरच्या आजीला चिडवावं तसं चिडवतो. म्हटलं, एक जण उपाशी आहे घरी. परवा सोसायटीचा माळी तोडलेलं खोड कचऱ्याच्या गाडीत चढवत होता, ते मी उतरवून घेतलं. ऑफिसचे कपडे न बदलता सुनेने ते चिरलं आणि पिलाच्या पायाशी पसरलं. पानांत अजून फरक नाही. ती म्हणते, धीर धरा.

हे लिहून मातीच्या त्या कागदात घडी करून ठेवतेय, पाठवायचं तरी कुठे. युरिया मी घातला हे तुम्हाला ठाऊक होतं, त्यात नवं काही नाही. सांगायचं राहिलं ते वेगळंच. बाजारातल्या केळी दाराशी उभ्या राहिल्या, भरगच्च घड लोंबणारे, आणि तुम्ही बाजूला उभे राहून नुसते बघत होता, तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं, अप्पा. आपल्या केळींपेक्षा त्याच छान दिसत होत्या.