शाळेतली शिट्टी आणि शनिवारची सभा

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा राग दोन्ही उताराला लागले असतील अशी आशा करतो. मी मजेत. शाळेबद्दल तसं छातीठोकपणे सांगवत नाही.

शनिवारी तुमची समिती ठरवणार, की शाळेत आमचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर राहू द्यायचं की पुन्हा त्या कंपनीचं महागडं आणायचं. अध्यक्ष तुम्ही, तेव्हा तक्रारी मीच आधी पोचवतो. हे सॉफ्टवेअर हवं तसं बदलता येतं, असं मी शिक्षकांच्या खोलीत बोलून बसलो. (एरवी माझं कोण ऐकतं?) हे बदल करतात माझ्या नववीच्या मुली; दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यापुढे शिक्षकांची रांग. कवायतीच्या सरांना फाईल जतन झाली की शिट्टी हवी होती. आता निकाल तयार करताना शाळेत कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. गणिताच्या बाईंनी काहीही पुसण्याआधी पाढा विचारायची सोय करून घेतली, आणि तेव्हापासून मुख्याध्यापकांच्या संगणकातून एक अक्षरही पुसलं गेलेलं नाही. ते माझ्याशी बोलत नाहीत.

परवा कंपनीचा विक्रेता आला. त्याला माझी खुर्ची मिळाली (मी दारात). आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काही बदलावंच लागत नाही, असं तो रंगवून सांगत होता. कवायतीचे सर पहिल्यापासून माझ्या विरोधात, पण त्यांनीच विचारलं, "शिट्टी बसेल?" बदल फक्त कंपनी करते, विक्रेता म्हणाला. "मग नको," म्हणून सर उठले, मागोमाग अर्धी खोली उठली. मामा, मी आनंदाने दारातच उडी मारली ती थेट फरशी पुसायच्या बादलीत. याच मुली पूर्वी माझ्या संगणकाच्या तासाला जांभया देत. आता घंटा झाली तरी हलत नाहीत. हे बंद झालेलं मला बघवणार नाही.

तुमचा भाचा

ता. क. मत मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तुम्ही कंपनीच्या बाजूने आहात, हे मामींकडून कळलंच.

दुसरा ता. क. मामी, इथून पुढचं मामांना हळू आवाजात वाचून दाखवा. मामा, कागद पुढे आला की "चष्मा घरी राहिला" हे आता समितीत कुणाला पटत नाही. मुलींनी तुमच्यासाठी एक संगणक तयार केलाय. तो कागद वाचून दाखवतो. शनिवारी तुमच्या खुर्चीपुढे असेल.

तिसरा ता. क. त्याचा आवाज कमी करणं मुलींना अजून जमलेलं नाही (असं त्या म्हणतात). अख्ख्या सभेला ऐकू जाईल. कंपनीच्या कराराच्या तळाची बारीक अक्षरंसुद्धा तो खणखणीत वाचतो. पहिला कागद तोच ठेवलाय.